पाठीवरचं नाव : केल्मेंदी

(दृश्य : ज्युदोचा पांढरा पोशाख, पाठीकडून. शिवलेल्या पट्टीवर कॅमेरा.)

ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरायचं तर पाठीवर ही पट्टी लागतेच. वर आडनाव, खाली देशाची तीन अक्षरं.

2012 च्या लंडन ऑलिंपिकला कोसोवोची ज्युदोपटू मायलिंदा केल्मेंदी हिच्या आडनावाखाली अल्बेनियाची अक्षरं होती. 2013 मध्ये रिओत ती जगज्जेती झाली, तेव्हा कोसोवोची. पुढच्या वर्षी रशियात चेल्याबिन्स्कला तिनं ते पद राखलं, पण रशिया कोसोवोला देश मानत नाही, म्हणून ती आंतरराष्ट्रीय ज्युदो फेडरेशनच्या झेंड्याखाली लढली. आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकला पुन्हा कोसोवो.

चार वर्षांत तिचा झेंडा तीनदा बदलला. आडनाव तेच राहिलं, कारण ते या सगळ्या झेंड्यांपेक्षा जुनं आहे.

(दृश्य : श्कोदर सरोवर, पहाट. मग वळणांचा रस्ता, वरून.)

उत्तर अल्बेनिया. श्कोदर शहर मागे पडतं, सरोवर डाव्या हाताला राहतं आणि रस्ता डोंगराला भिडतो. रापशच्या माथ्यावर गाडी थांबवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. खाली बघा. एकाच कड्यावर नागमोडी वळणांची घडीवर घडी, आणि तळाशी त्सेम नदीचा हिरवा धागा. हा रस्ता डांबरी होऊन फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी इथून श्कोदरच्या बाजाराला जाऊन यायचं म्हणजे काही दिवसांचा प्रवास होता.

नदीच्या काठानं वर, तमार गावाच्या पुलावरून, आणखी वर. शेवटी डोंगर बाजूला सरतात आणि सपाट, हिरवं खोरं उघडतं. हे व्हेर्मोश. अल्बेनियातलं सगळ्यात उत्तरेचं गाव. समोरच्या धारेपलीकडे माँटेनेग्रो.

या सगळ्या मुलखाचं नाव केल्मेंद. इथल्या कुळाचं नाव केल्मेंदी.

(दृश्य : दगडी घरं, उतरत्या छपरांवर लाकडी फळ्या. कुंपणाशी गाई.)

अल्बेनियन भाषेत कुळाला ‘फिस’ म्हणतात. फिस म्हणजे एका मूळपुरुषाची सगळी भावकी. प्रत्येक फिसाची आपली कुरणं, आपलं पाणी, आपली जंगलं. केल्मेंदींच्या मुख्य वस्त्यांत सेल्त्स, वुकल आणि निक्च येतात. प्रत्येकीचा एक ‘बाइराक’, म्हणजे निशाण. लढाईला माणसं त्या निशाणाखाली जमायची. व्हेर्मोश त्या काळी सेल्त्सवाल्यांचं उन्हाळी कुरण होतं, गाव पुढे वसलं.

कुळाचं नाव संत क्लेमेंटशी जोडलं जातं. मूळपुरुष कोण, कुठून आला, याच्या कथा घराघरात निराळ्या आहेत आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. कागदावर पाहायचं तर 1497 च्या ऑटोमन तुर्कांच्या जमाबंदीत केल्मेंदी हे नाव सापडतं. म्हणजे पाचशे वर्षांहून जुना पुरावा, तोही कर मागणाऱ्या सरकारच्या वहीत.

आता या गल्लीतल्या घरांवरची आडनावं ऐका. चाली. लेल्चाय. वुक्तिलाय. यातलं प्रत्येक घर केल्मेंदी, पण दारावर ‘केल्मेंदी’ सहसा दिसायचं नाही. सगळेच केल्मेंदी असतील तर कुणाला सांगायचं? इथे माणूस ओळखला जातो तो आजोबा-पणजोबांच्या नावानं. ‘मी केल्मेंदी’ हे सांगावं लागतं डोंगर उतरून परक्या गावात गेल्यावर. तिथे लोक विचारतात, कुठले तुम्ही? मग उत्तर दिलं जातं आणि दोन पिढ्यांत तेच उत्तर आडनाव होऊन बसतं.

म्हणून केल्मेंदी हे आडनाव मुख्यतः गाव सोडून गेलेल्यांचं आहे.

(दृश्य : उन्हाळी कुरण. पहाटेचं धुकं. मेंढ्या, घंटांचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

जाणं-येणं या लोकांच्या हाडीमाशीच आहे. हिवाळ्यात इथे बर्फानं वाटा बुजतात. पूर्वी थंडी लागायच्या आत कळप घेऊन घरंच्या घरं खाली उतरायची, थेट लेझ्याजवळच्या समुद्रकाठच्या मैदानापर्यंत. वसंतात परत वर. पोरं, कोंबड्या, पाळणे, भांडी, सगळं खेचरांवर.

वरच्या कुरणावर दूध उदंड, आणि बाजार लांब. त्यातून हे चीज आलं. याला म्हणतात मिशाविन.

(दृश्य : चुलीवर कढई. नंतर कापडी पिशव्या, टांगलेल्या. हातांचे क्लोजअप.)

दूध विरजून नव्हे, रेनेट म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य घालून फाडलं जातं. जमलेला गोळा कापडात बांधून टांगतात. काही दिवस पाणी गळू देतात. मग तो हातानं कुस्करायचा, अगदी रव्यासारखा मोकळा होईपर्यंत. मीठ लावायचं. लाकडी पिंपात थर द्यायचा, दाबायचा, वर पुन्हा थर. मध्ये हवा राहता कामा नये, म्हणून या बाई मूठ वळून दाबताहेत ते बघा. मनगटापासून नाही, खांद्यापासून जोर लावतात. पूर्वी पिंपाऐवजी जनावराचं कातडं वापरायचे. तीनेक महिन्यांनी ते पिवळसर, रवाळ आणि चांगलं झणझणीत होतं. हिवाळाभर मक्याच्या भाकरीबरोबर हेच.

ही कृती कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे आली. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा प्रश्न त्याच सुनेचा आहे.

(दृश्य : लाकडी पेटी उघडते. आतून काळा, घंटेच्या आकाराचा घागरा.)

याचं नाव जुब्लेता. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरातल्या बायकांचा पोशाख. मेंढीची लोकर कातायची, मागावर विणायची, पाण्यात तुडवून घट्ट करायची. त्या जाड कापडाच्या पट्ट्या कापायच्या आणि पट्टीला पट्टी गोफानं जोडत जायचं. खाली घेर रुंदावत जातो, शेवटी लाटेसारख्या वळ्या पडतात. दोन पट्ट्यांनी हा सगळा भार खांद्यांवर पेलायचा. एक जुब्लेता पुरी व्हायला महिनेच्या महिने लागतात, आणि ती बनवता येणारे हात आता मोजके उरलेत. 2022 मध्ये युनेस्कोनं ही कला तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतली.

पेटीतली ही जुब्लेता नवरीबरोबर येते, दुसऱ्या कुळातून. फिसाच्या आत सोयरीक नाही, हा नियम कडक. एकाच फिसातली मुलं-मुली भाऊबहीण, मग पिढ्या कितीही लोटल्या असोत. त्यामुळे केल्मेंदीच्या घरातली सून शाला, कास्त्राती किंवा ‘होती’ अशा दुसऱ्या कुळातली, पण केल्मेंदीची नाही.

या डोंगरांत शतकानुशतकं तोंडी कायदा चालला. त्याला म्हणतात कानून. लेक दुकाग्यिनी या जुन्या अल्बेनियन सरदाराच्या नावानं ओळखला जाणारा कानून श्त्येफन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्रीनं गावोगाव फिरून उतरून घेतला. 1929 मध्ये त्याचा खून झाला, पुस्तक 1933 मध्ये निघालं. त्यात नात्यांची दोन झाडं सांगितली आहेत. बापाकडचं ते रक्ताचं झाड. आईकडचं ते दुधाचं झाड. कूळ, नाव, जमीन, सूड, सगळं रक्ताच्या झाडावर. दुधाच्या झाडाला यातलं काहीच नाही.

(दृश्य : चीज करणाऱ्या बाईंचे हात. मग चेहरा. निवेदन नाही.)

तरी लोकगीतांनी एक बाई जपली आहे. नोरा. सतराव्या शतकात ऑटोमन फौज केल्मेंदवर चालून आली, तेव्हा तिनं पाशाला मारलं, असं गाणी सांगतात. इतिहासाच्या कागदात ती सापडो न सापडो, या डोंगरांतल्या मुलींना तिचं नाव पाठ असतं.

(दृश्य : नकाशा. डोंगरातून बाहेर पडणाऱ्या तीन रेषा.)

ऑटोमनांशी केल्मेंदींचं कधी जमलं नाही. कर द्यायचा नाही, वाटा अडवायच्या, मोहीम आली की उंच चढून बसायचं. 1700 मध्ये पेयाच्या (हे शहर आज कोसोवोत आहे) पाशानं उपासमार करून त्यांना नमवलं आणि अडीचशेच्या आसपास कुटुंबं उचलून आजच्या सर्बियातल्या पेश्तरच्या पठारावर नेऊन बसवली. काही वर्षांत त्यातली बरीचशी डोंगर ओलांडून परत आली. जी राहिली त्यांची भाषा बदलली, धर्म बदलला.

दुसरी रेषा जाते उत्तरेला, पार सावा नदीपर्यंत. 1737 मध्ये ऑस्ट्रिया आणि ऑटोमनांचं युद्ध पेटलं. केल्मेंदींनी ऑस्ट्रियाची बाजू धरली. ऑस्ट्रियाची फौज मागे हटली, तेव्हा सर्बियन चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क आर्सेनिये चौथे यांच्याबरोबर तेही निघाले. एका बाजूला ऑर्थोडॉक्स सर्ब, दुसऱ्या बाजूला कॅथलिक अल्बेनियन, एकाच वाटेनं. वाटेत ऑटोमन सैन्यानं गाठलं, पुष्कळजण मारले गेले. उरलेल्यांना पुढे सावाकाठच्या स्रेम प्रदेशात, आजच्या सर्बियात, जमीन मिळाली. गावं दोन : हर्टकोव्त्सी आणि निकिन्त्सी.

(दृश्य : सपाट शेतं, मका. हर्टकोव्त्सीचं चर्च.)

डोंगर नाही, मेंढ्या नाहीत. पण हे चर्च बघा. संत क्लेमेंटचं. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी नाव तेवढं बरोबर आणलं. त्यांना इथे क्लिमेंती म्हणत. पिढ्या सरल्या, अल्बेनियन बोली विरली, त्यांची नातवंडं-पतवंडं क्रोएशियन म्हणवू लागली. 6 मे 1992 रोजी याच गावात सर्ब राष्ट्रवादी नेता वॉयिस्लाव शेशेल्यनं क्रोएशियनांना हाकलण्याचं भाषण केलं. कुटुंबंच्या कुटुंबं घरं सोडून गेली, आणि काही काळ गावाचं नावही बदलून स्र्बिस्लाव्त्सी केलं गेलं. त्या भाषणापायी 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे न्यायालयानं त्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

(दृश्य : रुगोवाची घळ. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये नदी. ड्रोन.)

तिसरी रेषा पूर्वेची. कोसोवो.

पेया शहराच्या वेशीपासून ही घळ सुरू होते. रुगोवा. कडे इतके जवळ येतात की दुपारीसुद्धा रस्ता सावलीत असतो. बोगदे कातळातच खोदलेले. केल्मेंदींच्या कितीतरी घरांनी याच डोंगरांतून वाट काढली आणि रुगोवाच्या कुरणांवर बिऱ्हाड टाकलं. इथे ते मुसलमान झाले. व्हेर्मोशमधले त्यांचे भाऊबंद कॅथलिकच राहिले. डोक्यावरची पांढरी लोकरी टोपी दोघांची एकच, कुळाचं नाव एकच. बाल्कनबद्दल बोलताना धर्म आधी सांगायची सवय आपल्याला बातम्यांनी लावली आहे. या घळीत उभं राहिल्यावर ती सवय सुटायला हवी.

कोसोवोत हे आडनाव शाळेच्या हजेरीत सर्रास ऐकू येतं. प्रिश्तिनाचे वकील बायराम केल्मेंदी मानवी हक्कांचे खटले लढत. मार्च 1999 मध्ये, नाटोचा बॉम्बवर्षाव सुरू झाला त्या रात्री, त्यांना दोन मुलांसह घरातून नेलं गेलं आणि तिघांना गोळ्या घातल्या. त्यांच्या पत्नी नेकिबे केल्मेंदी याही वकील. त्या पुढे कोसोवोच्या न्यायमंत्री झाल्या.

(दृश्य : पेया. बाजार. मग ज्युदोची शाळा, मॅटवर पडण्याचे आवाज.)

मायलिंदाचा जन्म पेयाचा, 1991 चा. तिचे प्रशिक्षक द्रितोन कुका हेही इथलेच. कुका स्वतः युगोस्लाव्हियाचे उमदे ज्युदोपटू होते, पण 1992 ची बार्सिलोना ऑलिंपिक युद्धापायी हुकली. युद्ध संपल्यावर त्यांनी याच गावात पोरापोरींना शिकवायला घेतलं.

ज्युदोत आधी पडायला शिकवतात. बघा, ही लहान मुलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला टेकताना हाताचा सपाट फटका, म्हणजे धक्का हातात जिरतो. शंभरदा पडायचं. मग पकड. कॉलर आणि बाही. समोरच्याचा तोल त्याच्याच हालचालीत कुठे सुटतो ते हातांना कळलं पाहिजे. सगळं यश त्या अर्ध्या क्षणाचं.

कोसोवोनं 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. ऑलिंपिक समितीची मान्यता यायला डिसेंबर 2014 उजाडला. तोवर ऑलिंपिकला दुसऱ्या देशांकडून खेळायचं किंवा घरी बसायचं, एवढंच हातात होतं.

(दृश्य : संग्रहातील छायाचित्रं. रिओ, 2016.)

5 ऑगस्ट 2016. उद्घाटनाच्या संचलनात कोसोवोचा झेंडा पहिल्यांदा आला, तो तिच्या हातात. दोन दिवसांनी, 52 किलो गटाच्या अंतिम लढतीत समोर इटलीची ओदेत ज्युफ्रिदा. कोसोवोचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण.

(दृश्य : पदक समारंभ. मूळ आवाज. निवेदन नाही.)

टोकियोत आणखी दोन सुवर्णं आली, दोन्ही ज्युदोत, दोन्ही मुलींची : नोरा ग्याकोवा आणि दिस्त्रिया क्रास्निची. क्रास्निची हेसुद्धा एका डोंगरी कुळाचं नाव. मायलिंदा तिथे पहिल्याच लढतीत हरली आणि त्याच वर्षी तिनं स्पर्धा थांबवल्या. आता ती शिकवते.

कानूनच्या हिशेबात नाव रक्ताच्या झाडावर असतं आणि त्या झाडाला मुलीची फांदी नसते. पण आज जगात ज्यांनी केल्मेंदी हा शब्द ऐकलाय, त्यातल्या बहुतेकांनी तो तिच्यामुळेच ऐकला.

(दृश्य : सराव संपतो. मुली रांगेत, गुडघ्यांवर, वाकून नमस्कार. पाठी कॅमेऱ्याकडे.)

पेयाच्या या शाळेत सहा वाजता लहान मुलींची तुकडी सुटते. यांच्या पाठीवर अजून काही शिवलेलं नाही.