काढलेल्या सांध्याची साक्ष

माझ्या हातातली वस्तू मागच्या रांगांना दिसत नसेल, म्हणून आधी ती काय आहे ते सांगते. ही प्लास्टिकची वाटी आहे, चेंडू मधोमध कापावा तशी. कुणाच्या तरी खुब्यात ही कित्येक वर्षं होती. आतून गुळगुळीत आहे, पण बोट फिरवलं की एका बाजूला खळगा लागतो. अंगाचा भार ज्या दिशेनं पडायचा, त्या दिशेनं धातूचा गोळा प्लास्टिक झिजवत आत सरकलाय. प्रयोगशाळेत आम्ही दहा लाख फेऱ्या म्हणजे चालण्याचं एक वर्ष असा हिशोब धरतो. त्या हिशोबानं या खळग्यात किती पावलं आहेत ते बघा!

आजचा विषय आहे, सांधेरोपण यशस्वी झालं हे ठरवायचं कुणी? त्याकडे येतेच, पण आधी हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

इंग्लंडमधल्या रायटिंग्टनला चार्नली खुब्याचा कृत्रिम सांधा घडवत होते. घर्षण कमीत कमी हवं, म्हणून त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. निसरडं, शरीराला निरुपद्रवी, आणखी काय हवं? सुमारे 300 रुग्णांना ते सांधे बसले. वर्षानुवर्षं वेदनेनं अडकून पडलेली माणसं चालू लागली. आणि मग दोन-तीन वर्षांत वाट्या झिजायला लागल्या, महिन्याला अर्धा मिलिमीटरपर्यंत. झीज एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण त्या भुकटीनं ऊती चिडतात. आपल्या पेशी ते कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि मदतीची हाक देत राहतात. त्या हाकेला येतात हाड खाणाऱ्या पेशी. सांध्याभोवतीचं हाड विरघळतं आणि घट्ट बसवलेला सांधा हलायला लागतो.

चार्नलींनी ते रुग्ण पुन्हा टेबलावर घेतले, सांधे काढले, झीज मोजली. टेफ्लॉनचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले, तिथे गाठी आल्या, आणि ते त्यांनी छापून जाहीर केलं. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो.

त्याच सुमारास एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. कापडगिरण्यांच्या मागांची दातेरी चाकं त्याची करायचे. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि निघून गेले. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. साहेब परदेशी होते, यंत्र रात्रंदिवस चालू होतं. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, त्याहून जास्त टेफ्लॉनची एका दिवसात झाली असती! नोव्हेंबर 1962 पासून त्याच पॉलिइथिलीनच्या वाट्या बसू लागल्या. माझ्या हातात आहे ती त्याच घराण्यातली. इथे कुणी तंत्रज्ञ बसले असतील तर त्यांना माझा नमस्कार. नाव सर्जनचं झालं, पण यंत्र क्रेव्हननी लावलं होतं.

आता माझी एक तक्रार, मनात बरीच वर्षं आहे. एका रुग्णालयात रिव्हिजन झाली, म्हणजे आधी बसवलेला सांधा काढून पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आत बसवलेला सांधा अपेक्षेपेक्षा फार लवकर सुटला होता. काढलेले भाग तपासायला द्या म्हणून मी आदल्या दिवशी लेखी विनंती दिली. दुसऱ्या दिवशी कळलं, कचऱ्यात गेले. कुणाचा वाईट हेतू नव्हता, ठेवायचे कशाला हाच प्रश्न होता. खळगा वरच्या कडेला होता की मध्ये, सांधा हाडात घट्ट बसवणाऱ्या सिमेंटचा कण आत अडकून गोळ्यावर ओरखडे आले होते का, वाटी तिरकी बसली होती का, सगळी साक्ष त्या पिशवीबरोबर गेली. आपल्या रुग्णांनी मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी द्यावा म्हणून चार्नली त्यांची आधीच संमती घेत, आणि आपण जिवंत माणसाचा काढलेला सांधा टाकून देतो.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर मूळ मुद्दा भरभर मांडते.

स्वीडननं 1975 मध्ये गुडघ्यांची आणि 1979 मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कुठला सांधा किती वर्षांत पुन्हा काढावा लागला, हे त्यातून कळतं. ही फार मोठी गोष्ट आहे. 2010 मध्ये धातूवर धातू घासणारा एक खुबा जगभरातून परत घ्यावा लागला, त्याची चिन्हं ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत आधीच उमटली होती.

पण नोंदवही मोजते ती रिव्हिजन. ज्याचा गुडघा दुखतोय पण जो पुन्हा शस्त्रक्रियेला धजत नाही, तो तिथे यशस्वी म्हणून बसतो. एक्स-रे सुरेख, सांधा सरळ, आणि माणूस जिन्यापाशी थांबलेला. गुडघारोपणानंतर साधारण पाचातला एक जण समाधानी नसतो, असं अनेक पाहण्यांत आलं आहे.

म्हणून विचारायचं रुग्णालाच. ऑक्सफर्डच्या प्रश्नावल्या, खुब्याची 1996 ची आणि गुडघ्याची 1998 ची, बारा-बारा प्रश्नांच्या आहेत. गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, जिना उतरता येतो का, एकट्यानं घरची खरेदी जमते का. शस्त्रक्रियेआधी भरून घ्या, नंतर पुन्हा भरून घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. माझं मागणं एवढंच आहे की हा कागद आणि काढलेला सांधा एकाच क्रमांकाखाली ठेवा. खळगा दाखवणारी वाटी आणि जिना न उतरू शकलेला माणूस आज दोन वेगळ्या कपाटांत आहेत.

वेळ संपली. वाटी दाराजवळच्या टेबलावर ठेवते आहे. जाताना आतून बोट फिरवून बघा, खळगा कडेच्या बाजूला लागेल.