रात्रीची पाळी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "आता कशी आहे तब्येत?" विचारायलाच हवं. पण त्याच कॉटशेजारी सून उभी असते, मुलगी असते, कुठे मुलगा असतो. "तुझी रात्री झोप झाली का गं?" असं तिला कोणी विचारत नाही. आज मला त्या झोपेबद्दल बोलायचंय. औषधं डॉक्टर लिहून देतात, पैसे भावंडं पाठवतात, पण रात्र मात्र रोज एकाच माणसाच्या वाट्याला येते.

चिपळूणजवळच्या एका गावातलं घर माझ्या चांगलं ओळखीचं आहे. नावगाव सांगत नाही, हकीकत सांगायला मात्र त्या घराची परवानगी आहे. तिथल्या आजी न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठून चालणं काही झालं नाही. आणि हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही: न्हाणीघरात गुळगुळीत, चकचकीत फरशी कशाला लागते हो? घर बांधताना दिवाणखान्याच्या छताला हजारो रुपये घालतात आणि न्हाणीत हाताला धरायला एक दांडा लावत नाहीत. गवंड्याला सांगा, खरखरीत लादी बसव आणि भिंतीला दांडा लाव.

तर, आजींचा धाकटा मुलगा आणि सून गावी. थोरला ठाण्याला, मुलगी डोंबिवलीला. दोघंही मायेचे. महिन्याला पैसे यायचे, रोज फोन यायचा. "वहिनी, आईला फळं देतेस ना? तिच्याशी बोलत जा गं, म्हणजे तिला बरं वाटेल."

गणपतीला सगळे गावी आले आणि आजी एकदम खुलल्या. नातवंडांची नावं बरोबर घेतली, आरतीला टाळ्या वाजवल्या, लेकीला म्हणाल्या, "बाय, किती वाळलीस." लेक ओटीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "आई तर छान आहे की! वहिनी फोनवर उगाच घाबरवते." श्रोतेहो, ज्यांनी घरात सेवा केलीय त्यांना हे माहीत आहे. पाहुणे आले की आजारी माणूस होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून बसतं, बोलतं, हसतं. पाहुण्यांची पाठ वळली की गळून जातं. तासाभराच्या भेटीत घर दिसत नाही. पुन्हा सांगते, तासाभराच्या भेटीत घर दिसत नाही.

सून त्यावर काही बोलली नाही. घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, भांडी आवरून झाली. मग ती नणंदेला म्हणाली, "ताई, आई पडल्यापासून मी माहेरी गेले नाही. तुम्ही आहात तोवर दोन रात्री जाऊन येऊ?" नाही म्हणायचं कारणच नव्हतं. सुनेनं तिच्या हातात एक वही दिली. शाळकरी वही, पट्टीनं रेघा मारलेली: कूस, पाणी, लघवी, औषध. दहाला डावी, बाराला पाठ, दोनला उजवी, चारला परत डावी.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबा, टाचा, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी सडायला लागते. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघा. दाबूनही लाली जात नसेल तर समजा, जखमेची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस, लक्षात ठेवा.

त्या रात्री काय झालं ते लेकीनंच मला सांगितलं. दिवेलागण झाली तसं आजींचं भान सुटायला लागलं. स्मृतिभ्रंशात उजेड उतरला की बऱ्याच जणांचा गोंधळ वाढतो, तसंच. साडेअकराला आवाज आला, टक् टक् टक्. आजी हातातली बांगडी कॉटच्या लोखंडी दांड्यावर वाजवत होत्या. "गाय बांधली का?" गाय विकून कैक वर्षं झाली होती. "बांधली आई." लेक आडवी झाली. टक् टक् टक्. "दार लावलंस का?" उत्तर दिलं, परत आडवी. टक् टक् टक्. दोन वाजता चादर ओली झाली. वजन चिमणीएवढं, पण आजींनी दांडा असा गच्च धरून ठेवला की कूस वळेना. चार वाजता त्यांनी लेकीकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही कोण? माझ्या सुनेला हाक मारा."

सकाळी सातला लेकीनं वहिनीला फोन लावला. वहिनीला वाटलं, आता लवकर ये म्हणणार. लेक म्हणाली, "आणखी दोन दिवस राहा. घाईनं येऊ नकोस."

मुंबईला परतण्याआधी तिन्ही भावंडं वही पुढ्यात घेऊन बसली. दर महिन्याचा एक आठवडा लेकीचा. थोरल्यानं आठवड्यातल्या तीन रात्रींसाठी गावातल्याच एका बाईंना ठेवलं, त्यांचा पगार आपल्याकडे घेतला. आणि फोनवरच्या सूचना बंद झाल्या.

आता थोडं कायद्याचं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा आहे. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. मुलांच्या या व्याख्येत सून नाही. घराघरात राबते ती मात्र सून. मला हे फार लागतं. तो कायदा महिन्याची रक्कम ठरवून देतो. 2024 पासून सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसांना आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, चांगली गोष्ट आहे, पण ती इस्पितळात दाखल झाल्यावर. घरच्या रात्रीची तरतूद यातल्या कशातच नाही. ती भावंडांनीच करायची.

आणखी एक. म्हातारं माणूस एकाएकी, दोन दिवसांत, भलतंसलतं बोलायला लागलं तर वयावर ढकलू नका. लघवीतला जंतुसंसर्ग असला तरी असं होतं. डॉक्टरांना दाखवा, लघवी तपासून घ्या.

आणि भेटायला जाल तेव्हा सफरचंदं नेऊ नका. त्या घरात ती टोपलीभर पडलेली असतात. दुपारी दोन तास कॉटपाशी बसा आणि सेवा करणाऱ्याला आतल्या खोलीत झोपायला पाठवा.

कागद-पेन्सिल घ्या, दोन नंबर देते. ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी, सकाळी आठ ते रात्री आठ: 14567. एक, चार, पाच, सहा, सात. आणि सेवा करताना तुमचंच मन थकलं, रडू आवरेनासं झालं, तर टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी, दिवसरात्र केव्हाही: 14416. एक, चार, चार, एक, सहा. दोन्हीला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

नमस्कार.