काँक्रीटच्या पोटातलं हवामान

(दृश्य: नुकताच भरलेला खांब. काँक्रीटमधून दोन वायरी बाहेर आल्या आहेत.)

या दोन वायरी बघा. एक आतलं तापमान सांगते, दुसरी तिथली आर्द्रता. दोन्ही एकाच खोलीवर बसवल्या आहेत, पण बाहेरचं हवामान दोघींपर्यंत सारख्या वेळात पोचत नाही.

ऊन चढलं की पहिलीला काही तासांतच कळतं. जितकं आत जावं तितका दिवस-रात्रीचा हा चढउतार मंद होतो, उशिरा पोचतो. अर्ध्या मीटरवर दुपारची ऊब जवळजवळ मध्यरात्री येते, तीही नावापुरती.

ओलाव्याचं तसं नाही. काँक्रीटमधून तो उष्णतेपेक्षा हजारो पटींनी सावकाश सरकतो. पाच सेंटीमीटर खोलवर कोरडेपणा जाणवायला आठवडे लागतात, कधी महिने. पाऊस आला की मात्र वरच्या थरातली बारीक छिद्रं पाणी भराभर ओढून घेतात. भिजणं तासांचं, वाळणं कित्येक दिवसांचं.

आणखी एक गोष्ट, जी मला दर वेळी चकित करते. घरातली हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्या वाफेतली प्रत्यक्षात असलेली टक्केवारी, घटते. काँक्रीट तापलं की त्याच्या छिद्रांतली आर्द्रता उलट थोडी वाढते, कारण छिद्रांच्या भिंतींना धरून बसलेलं पाणी सुटून वाफ होतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फ्लाय ॲशचे गोल कण.)

ही फ्लाय ॲश, या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी मिसळलेली. वीज केंद्रात दळलेला कोळसा जळतो, तेव्हा धुरातून वेगळी केलेली राख. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत चुना सुटतो. राखेतली सिलिका तो चुना आणि पाणी घेऊन नवा बंध तयार करते, छिद्रं बुजत जातात. काम उत्तम, पण संथ. पहिल्या दिवसांत उष्णता कमी निघते, म्हणूनच मोठ्या धरणांना ती मानवली. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात १९५३ साली पूर्ण झालेलं हंग्री हॉर्स धरण हे त्याचं जुनं उदाहरण.

या संथ कामाला ऊब हवी आणि ओलावाही हवा. थंडीत राखेची क्रिया सिमेंटपेक्षा जास्त रेंगाळते. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, घाईने काढलं तर कोवळं काँक्रीट उघडं पडतं. उन्हाळ्यात ऊब भरपूर, पण वारा पाणी पळवतो. राखेच्या ताज्या मिश्रणातून पृष्ठभागावर येणारं पाणी बहुधा कमीच असतं. बाष्पीभवन दर चौरस मीटरमागे ताशी १ किलोच्या आसपास गेलं, तर स्लॅब घट्ट होण्याआधीच त्यावर भेगा उमटू शकतात. वाऱ्याला आडोसा, वर ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक, आणि तेही लगेच, संध्याकाळची वाट न पाहता.

(दृश्य: खांबाचा उभा छेद. बाहेरचा थर, मग सळई.)

आता हा छेद. सळईच्या बाहेरचा हा चार-पाच सेंटीमीटरचा थर म्हणजे कव्हर. ऊन, वारा, पाऊस, सगळं आधी याच्यावर. छिद्रांतली आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांखाली गेली की आतलं रासायनिक काम जवळपास थांबतं. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, लवकर थांबवलं तर कव्हरची बाहेरची बाजू आधी वाळते आणि तिथली राख अर्धवट कामावरच थांबते. गाभ्यात ती महिनोन्महिने सुखाने काम करत राहते. म्हणजे सळईची राखण करायची तोच थर कच्चा. त्यातून हवेतला कार्बन डायऑक्साइड सहज आत शिरतो आणि सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षारधर्म कमी करतो. पुढच्या पावसात पाणी मिळालं तर राख थोडीफार पुन्हा कामाला लागते, पण पहिले आठवडे परत येत नाहीत.

(दृश्य: प्रयोगशाळेतली पाण्याची टाकी, आत क्यूब.)

आणि हे क्यूब, ताकद तपासायला ओतलेले काँक्रीटचे ठोकळे. त्याच मिश्रणाचे, पण पहिल्या दिवसापासून बुडवलेले, ठरावीक तापमानात. यंत्राखाली ते दमदार आकडा देतील. तो आकडा या टाकीतल्या काँक्रीटचा आहे. बाहेर उभ्या खांबाच्या कव्हरने टाकी पाहिलेलीच नाही.