देणं फेडायला निघालेला मार्क ट्वेन

मंडळी, अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन मुंबईला येऊन गेला हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तो का आला होता, तिथून सुरुवात करतो. तो देणं फेडायला आला होता.

पेज नावाच्या संशोधकाचं एक यंत्र होतं, छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, आपोआप जुळवणारं. त्यात ट्वेननं वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि यंत्र काही धड चाललं नाही. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. कायद्याच्या आधारानं थोडक्यात सुटता आलं असतं. पण त्यानं आणि पत्नी ऑलिव्हियानं ठरवलं, पै न् पै चुकवायची. म्हणून साठीला टेकलेला हा माणूस जुलै १८९५ मध्ये क्लीव्हलंडहून व्याख्यानं देत निघाला. पायाला गळू झालेलं, सोबत पत्नी आणि मधली मुलगी क्लारा. व्हँकुव्हर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करत जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला.

मुक्काम वॉटसन हॉटेलात, आपल्या काळा घोड्याजवळ. ती इमारत आजही उभी आहे. खोकल्यानं त्याला काही दिवस अंथरुणात ठेवलं, मग नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्यान झालं. पण मला थांबायचंय ते हॉटेलच्या खोलीतल्या एका क्षणापाशी.

खोलीची व्यवस्था बघायला एक धिप्पाड जर्मन आला, बरोबर काही देशी नोकर. बाल्कनीचं दार नीट करायचं होतं. एक नोकर गुडघ्यांवर बसून कामाला लागला. जर्मनाला ते पटलं नाही, आणि काय चुकलं हे सांगण्याआधीच त्यानं त्याच्या जबड्यावर एक फटका दिला. नोकर अवाक्षर बोलला नाही.

ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं, आपल्या लहानपणीचं अमेरिकेतलं मिसुरी आठवलं. तिथे गुलामाला असंच समजावत. ट्वेनचे वडील सज्जन होते. मुलावर त्यांनी आयुष्यात दोनदाच हात उगारला. घरच्या गुलाम पोराला मात्र क्षुल्लक चुकांवरून चापट बसे. दहा वर्षांचा असताना ट्वेननं आणखी एक पाहिलं होतं. काम नीट जमलं नाही म्हणून एकानं गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा दगड घातला, आणि तासाभरात तो मेला. गावाला ते आवडलं नाही, पण कुणी फार बोललंही नाही.

ज्याला ऐकायला लोक हसण्याच्या तयारीनं येत, तो माणूस हे मनात घेऊन मुंबईत वावरत होता. मला तर त्याच्या सगळ्या दौऱ्यात हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

जुलै १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दौरा संपला. ऑगस्टमध्ये तो इंग्लंडात असताना तार आली. अमेरिकेत मागे ठेवलेली थोरली लेक सूझी मेंदूज्वरानं गेली होती. चोवीस वर्षांची. तिची आई आणि क्लारा तिच्याकडेच निघाल्या होत्या, अजून बोटीवर होत्या.

देणं बाकीच होतं. त्या दुःखात, लंडनमध्ये, लोकांपासून दूर राहून त्यानं या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. बाल्कनीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसलेला तो नोकर त्यात आहे.