जाड बंडी आणि सोलापूरची थंडी

नमस्कार श्रोतेहो. सोलापुरात कुणाला सांगितलं की मी लोकरीची जाड बंडी विणतेय, तर समोरचा आधी हसतो. मे महिन्यात भाजून काढणारं आपलं गाव, इथं लोकर कशाला? हसू द्या. तोच माणूस गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघताना दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत असतो.

आपली थंडी दिवसभराची नाही, एवढंच. पहाटे अंगावरची चादर सोडवत नाही आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो. पूर्ण बाह्यांचा स्वेटर अकरा वाजले की नकोसा होतो, मग तो कमरेला बांधून गावभर हिंडायचं. बंडीचं तसं नाही. छाती-पाठ झाकलेली, हात मोकळे. भाकरी थापा, गाडी चालवा. आत सुती सदरा, वर बंडी, फारच गार असेल तर शाल. खरी ऊब धाग्यांमध्ये अडकलेली हवा धरून ठेवते. म्हणून जाड लोकर घ्यायची आणि जाड सुईवर सैल विणायची.

हे मला उशिरा कळलं. पहिली बंडी मी घरातल्या जुन्या १० नंबरच्या सुयांवर विणली. जुन्या नंबरांत १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. त्यावर जाड लोकर! महिनाभर बोटं दुखली आणि शेवटी जे तयार झालं ते जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं. घोंगडीसुद्धा त्याहून मऊ. सगळं उसवलं.

जाड लोकरीला साडेसहा मिलिमीटरची सुई घ्या, जुन्या नंबरांत ३. गोल सुई मिळाली तर उत्तम, विणलेल्याचं ओझं मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. दुकानात जाड लोकर नसेल तर साध्या लोकरीचे दोन धागे एकत्र धरा.

आता नमुना, म्हणजे आधी विणून बघायचा छोटा तुकडा. इथं कंटाळा करू नका. विणकर म्हटलं की आपल्याला गावाच्या पूर्व भागातले माग आठवतात. मागावर ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकमेकांना आवळून धरतात, म्हणून चादर ओढली तरी फारशी ताणत नाही. सुईवरच्या विणीत एकच धागा, फासात फास. ती ताणते, ओघळते, ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे बदलते. म्हणून सहा इंचांचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजा. १४ बसले, म्हणजे इंचाला साडेतीन, तर माझा हिशोब तुम्हाला चालेल. १२च बसले तर त्याच टाक्यांत बंडी घेरात सात इंचांनी मोठी होईल. मग ती घरातल्या दुसऱ्याच कुणाची तरी!

पेन्सिल घेतलीत? छाती ३८ इंच धरू. आत सदरा असतो, म्हणून ४ इंच सैल: ४२. पाठ २१ इंच, पुढचा भाग २१ इंच. एका भागाला ७४ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशी तीन इंच पट्टी. टाक्यांना चारने भागून दोन उरले की दोन्ही कडा सारख्या येतात, ७४ त्यासाठीच. पुढे समोरून सुलट, मागून उलट. फक्त दोन्ही कडांचे पाच-पाच टाके कायम सुलट, नाहीतर कडा गुंडाळते. उंची २३ इंच. पाठीला शेवटी मधले २६ टाके बंद, खांद्यांना २४-२४ उरतात. पुढच्या भागाला तीन इंच आधीच मधले १६ बंद करा, मग एक ओळ सोडून एक, गळ्याच्या बाजूला दोन्हीकडे पाच वेळा एकेक टाका कमी करा. खांदे जोडले की झालं. लोकर ४०० ते ५०० ग्रॅम लागते.

बाजू मी शिवत नाही. यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी बघितलीत ना, बंदांनी बांधलेली? तसेच दोन्ही बाजूंना दोन-दोन बंद लावते. शाल घेतली, जाडजूड सदरा घातला की बंद सैल सोडायचे.

एक मात्र सांगते. हुरड्याला आगटीजवळ बसणार असाल तर खरी लोकर घ्या. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, धुवायला सोपं असतं, पण ठिणगी पडली की वितळून चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही. ओल्या वजनानं बंडी गुडघ्यापर्यंत जाते. आपला सोलापुरी टॉवेल पसरा, त्यावर बंडी ठेवून दोन्हीची वळकटी करा आणि दाबा. पाणी टॉवेल पितो. मग सावलीत सपाट पसरा. आपल्या कोरड्या हवेत वाळायला फार वेळ लागत नाही. आज टाके घातलेत तर नंदीध्वज निघेपर्यंत पाठ तरी नक्की पुरी होईल. नमस्कार.