वाढ्यांचा मुरघास : फडावरचं वाढं उन्हाळ्यापर्यंत टिकवा

राम राम शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि धार काढता काढता गोठ्यात रेडिओ लावून ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला पण राम राम.

आज बोलायचंय उसाच्या वाढ्यांबद्दल, म्हणजे तोडणीत कापून टाकतात त्या उसाच्या हिरव्या शेंड्यांबद्दल. दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात, ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात आणि मग आमच्या कृष्णाकाठी वाढ्यांना तोटा नाही, म्हशीपुढं सकाळ-संध्याकाळ वाढंच, आणि मार्चनंतर फड संपले की त्याच गोठ्यात वैरणीसाठी वणवण, कडब्याचा भाव ऐकवत नाही आणि हिरवं तर कुठं दिसत नाही. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय आणि मला ते फार लागतं, कारण तोडणीच्या दिवसात बांधावर वाळून जाणारं वाढंसुद्धा मी बघितलंय.

बरं, हिरवं वाढं खाऊन तरी काय मिळतं? पोट भरतं. वाढं वाळवून हिशेब केला तर त्यात प्रथिनं शेकडा पाच-सहाच्या आसपास, आणि वरून त्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. दुधातून कॅल्शियम रोज जातच असतं, म्हणून नुसत्या वाढ्यावर ठेवलेली म्हैस आतून खंगत जाते आणि आपल्याला ते उशिरा कळतं.

म्हणून मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून, आंबवून टिकवायचा. पण तो मनाला येईल तसा करून जमत नाही, हे सांगते कारण माझा पहिला खड्डा वाया गेला. तीन दिवस थोडं थोडं भरलं, वरवर तुडवलं, झाकलं. दीड महिन्यानं कागद उचलला तर दारूसारखा उग्र वास, हात घातला तर आतून गरम, आणि म्हशीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की उसात साखर असते, आत हवा राहिली की त्या साखरेवर यीस्ट नावाची बारीक बुरशी वाढते आणि साखरेची दारू होते, म्हणजे जनावराच्या पोटात जायची ताकद उडून जाते. आपल्याला हवे असतात दही लावणाऱ्या जंतूंच्या जातीचे जंतू, ते हवा नसताना आंबट तयार करतात आणि त्या आंबटपणात चारा टिकतो.

आता मी काय करते ते ऐका. टोळीकडनं मोळ्या त्याच दिवशी घ्यायच्या (आणि त्या माणसांना नीट पैसे द्या हो, घरदार सोडून आलेली असतात, वाढ्याचे दोन पैसे त्यांना लागतात). वाढं फार ओलं असेल तर दुपारपर्यंत पसरून ठेवायचं, मग कडबाकुट्टीतून (चारा कापायच्या यंत्रातून) बोटाच्या पेराएवढे तुकडे. मूठ घट्ट दाबून बघा, पाणी ठिबकलं तर अजून सुकवा, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. आता मी खड्ड्याऐवजी मुरघासाची प्लास्टिकची मोठी बॅग वापरते. एक टनाच्या बॅगेला 5 किलो युरिया, 5 किलो मीठ आणि 10 किलो खनिज मिश्रण (कॅल्शियम वगैरे असलेली जनावरांची पूड). युरिया 20 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, खडा दिसता कामा नये, आणि थराथरावर सारखा शिंपडायचा. प्रत्येक थर दाबायचा, कडेला पायानं जास्त दाबायचा कारण हवा कडेलाच राहते, आणि बॅग त्याच दिवशी भरून तोंड बांधायचं. मग 45 दिवस हात लावायचा नाही.

युरिया कशाला, असं आमच्या सासूबाई पण विचारत होत्या. गाई-म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, असंख्य जंतू असतात, ते युरियातला नत्र घेऊन स्वतःचं शरीर बनवतात आणि पुढं तेच जंतू जनावराला प्रथिनं म्हणून पचतात. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे हिशेबानं 1 किलोतून पावणेतीन किलोच्या वर प्रथिनं, म्हणून टनाला 5 किलोतसुद्धा वाढ्याची प्रथिनं दुपटीकडं जातात. शिवाय युरियापासून अमोनिया तयार होतो, तो यीस्टला आवर घालतो. काहीजण 10 किलोपर्यंत घालतात, मी 5 वरच थांबते, कारण युरिया जास्त झाला तर विष आहे. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकांना हा मुरघास अजिबात नको. मोठ्या जनावराला 2 किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसात 10 किलोपर्यंत, सोबत सुका चारा आणि थोडं धान्य किंवा भरडा हवाच, आणि विकतच्या पेंडीत युरिया आहे का ते पोत्यावर वाचा. लाळ गळायला लागली, पोट फुगलं, थरथर सुटली तर देणं तिथंच थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

ज्यांच्याकडं बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ आहे त्यांनी त्याचा पाला थोडा मिसळा, प्रथिनं वाढतात.

बॅग उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबूस-गोड आला की समजा जमलं. काळी किंवा बुरशीची चकती दिसली तर तेवढी काढून टाका, जनावराला घालू नका. रोज लागेल तेवढंच काढा आणि लगेच तोंड बांधा.

यंदा आमच्या शिवारात टोळी पुढच्या आठवड्यात येतेय. मी चार बॅगा, मीठ आणि खनिज मिश्रण आधीच घरात आणून ठेवलंय.