दृष्टी शाबूत असतानाचा मधुमेह
(अंबाजोगाई येथे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

गुरुजनहो आणि विद्यार्थी मित्रहो,

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मधुमेहाचा रुग्ण डोळे दाखवायला येतो तो बहुधा दिसेनासे झाल्यावर, आणि तेही मोतीबिंदू झाला असेल अशा समजुतीने. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला, प्रतिमा टिपणारा पडदा पाहिला की आत रक्तस्राव आढळतो. ‘परवापर्यंत चांगलं दिसत होतं,’ असे तो सांगतो, आणि ते खरेच असते. माझे प्रयोगशाळेतील संशोधन त्या ‘चांगलं दिसत होतं’ अशा वर्षांविषयी आहे.

पडद्यातील केशवाहिन्यांच्या भिंतीला आतून एंडोथेलियल पेशींचे अस्तर असते आणि बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी त्यांना धरून असतात. शरीरात इतरत्र पेरिसाइट विरळ असतात. पडद्यात मात्र जवळजवळ एका एंडोथेलियल पेशीमागे एक पेरिसाइट, इतकी दाटी असते. कोगन, तूसँ आणि कुवाबारा या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की मधुमेहात याच पेशी निवडून मरतात, आणि त्यांच्या जागी भिंतीत रिकामे कप्पे उरतात.

ते ज्या पद्धतीने दिसले, ती आम्ही आजही वापरतो. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला पडदा धुऊन ३७ अंश तापमानाला ट्रिप्सिनच्या द्रावणात सोडायचा. चेतापेशींचा थर सैल झाला की पाण्यात हलके हलवून तो सुटू द्यायचा. शेवटी, भिजत घातलेल्या पिंपळपानाची शिरांची जाळी उरावी तसे केवळ रक्तवाहिन्यांचे जाळे उरते. ते काचपट्टीवर पसरताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो, कारण एक सुरकुती पडली तरी तो भाग मोजणीतून जातो. रंग दिल्यावर एंडोथेलियल पेशींची केंद्रके लांबट व फिकी दिसतात, पेरिसाइटची गोल, गडद आणि भिंतीबाहेर किंचित डोकावणारी. मोजणाऱ्याला नमुना मधुमेही प्राण्याचा की निरोगी, हे सांगितले जात नाही. ही मोजणी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावरच सगळे उभे असते.

पेशी बशीत वाढवूनही अभ्यास होतो. एका बशीत लिटरमागे ५ मिलिमोल ग्लुकोज, म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे साधारण ९० मिलिग्रॅम साखर, तर दुसरीत ३० मिलिमोल, म्हणजे ५४० मिलिग्रॅम. आणि तिसऱ्या बशीत ५ मिलिमोल ग्लुकोजबरोबर २५ मिलिमोल मॅनिटॉल हा पेशी सहसा आत न घेणारा साखरेसारखा पदार्थ, म्हणजे परिणाम साखरेचा की नुसत्या घट्ट द्रावणाचा, हे कळावे. ही तिसरी बशी नसलेला प्रयोग मी ग्राह्य धरत नाही. तरीही चार दिवसांची बशी म्हणजे पंधरा वर्षांचा आजार नव्हे, हे विसरून काढलेले निष्कर्ष फार दिसतात.

सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग एंगरमन आणि कर्न यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. मधुमेही कुत्र्यांची साखर अडीच वर्षे वाढलेली ठेवून नंतर अडीच वर्षे काटेकोर ताब्यात ठेवली. साखर आटोक्यात आणली तेव्हा पडदे जवळजवळ निर्दोष होते, आणि तरीही पुढच्या अडीच वर्षांत त्यांच्यात विकार उद्भवला. माणसांतही असेच दिसले. १९९३ मध्ये निकाल आलेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांवरील गटापेक्षा काटेकोर नियंत्रणाच्या गटात पडद्याचा विकार सुरू होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी घटली. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, पण आधी नियंत्रण सांभाळलेल्यांचे डोळे पुढेही कित्येक वर्षे अधिक सुरक्षित राहिले. आधीच्या साखरेची ही नोंद पेशी नेमकी कुठे ठेवतात, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शने मोलाची आहेत, पण ती प्रामुख्याने यानंतरच्या टप्प्यावरची आहेत.

उंदरांवर हा प्रश्न पुरता सुटणार नाही. उंदराच्या पडद्यात माणसासारखा पीतबिंदू, म्हणजे बारीक तपशील पाहणारा मधला भागच नसतो, त्यामुळे मधुमेहात तिथे येणारी सूज त्याच्यात अभ्यासता येत नाही. म्हणून माणसाचा पडदा हवा, आणि तो नेत्रदानातून मिळतो. मधुमेह असलेल्यांनाही नेत्रदान करता येते; पारपटल रोपणासाठी काढल्यावर, कुटुंबाची संमती असेल तर, मागचा पडदा संशोधनाला उपयोगी पडतो. अडचण पुढे येते. दात्याला साखर किती वर्षांपासून होती, हे घरच्यांना सांगता येत नाही, कारण जुने रिपोर्ट दवाखाना बदलताना किंवा घर आवरताना गेलेले असतात. आपल्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर पहिल्या तपासणीपासूनचे कागद तारखेनिशी एका फायलीत लावून ठेवा. आज ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लागतील, आणि पुढे कधी नेत्रदान झालेच तर आम्हालाही.